अर्ध्यावरचे दात

मंगळवारी सकाळी मॅडम गेल्या. मी दातांच्या दवाखान्याचं शटर वर केलं होतं आणि उदबत्ती लावली होती. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. त्यांनी सांगितलं. मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

फोन परत वाजला. मलकापूरहून एक आई बोलत होती.

“ताई, तार टोचतीया ओ पोराला. गाल आतनं सोलून निघालाय.”

“डबीतलं मेण आहे का घरात?”

“हाय की.”

“मग आधी हात धुवा. गाल बाजूला धरा आणि तारेचं टोक कापसानं कोरडं करा. ओल्यावर मेण धरत नाही. वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून गोळी करा, ती टोकावर दाबून बसवा. जेवताना निघालं तर निघू दे, नवं लावा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगा.”

“बरं. आणि उद्या घिऊन यिऊ काय? मॅडम हायत न्हवं?”

“मी कळवते,” मी म्हटलं.

हे सगळं मी नेहमीच्याच आवाजात बोलले. पुढे बऱ्याच दिवसांनी त्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “त्या दिवशी तुमी मला काय कळूच दिलं न्हाईसा.” कळू न देण्याचा माझा काही विचार नव्हता. इतकी वर्षं फोनवर तीच वाक्यं बोलत आले होते, त्यामुळे तोंड आपोआप चाललं. फोन ठेवल्यावर मात्र मी खुर्चीत बसले आणि पहिला विचार मॅडमचा न येता त्या मुलाच्या दातांचा आला. आता ते पूर्ण कोण करणार? त्याचे, आणि बाकीच्या सगळ्यांचे?

दातांना तार लावण्याचं काम मध्येच सोडण्यासारखं नसतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. दात हाडात रुतलेला असतो, पण ते हाड दगडासारखं नसतं. दातावर हलका दाब सतत राहिला तर पुढच्या बाजूचं हाड विरघळून वाट देतं आणि मागे सुटलेली जागा नव्या हाडानं भरते. हे इतकं सावकाश होतं की रोज आरशात बघणाऱ्याला काही दिसत नाही. बऱ्याच मुलांच्या जबड्यात दात जास्त आणि जागा कमी असते. मग आधी दोन-चार चांगले दात काढून टाकावे लागतात आणि उरलेले ओढत ओढत ती फट मिटवावी लागते. फट अर्धी मिटलेली असताना काम थांबलं, तर काढलेला दात काही परत येत नाही, आणि सरकलेले दात हळूहळू आपल्या जुन्या जागेकडे निघतात. म्हणजे पेशंट सुरुवातीला होता त्याहूनही वाईट जागी येऊन बसतो.

त्या मंगळवारी जिल्ह्यात अशी बरीच तोंडं अर्ध्यावर राहिली.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि शाळेत जागा निघेपर्यंत म्हणून राजारामपुरीतल्या या दवाखान्यात फोन घ्यायला बसले. जागा निघाली नाही. पुढे निघाली तेव्हा मी अर्ज केला नाही. वसुधा मॅडम तेव्हा नुकतंच शिक्षण संपवून आल्या होत्या. बोलणं तुटक, हात मात्र फार हलका. खुर्चीतली मुलं रडायची ती त्यांच्या बोलण्यानं, हातानं कधी नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “नलिनीताई, पेशंट माझ्याकडे महिन्यातून एकदा येतो आणि जरा वेळ तोंड उघडून बसतो. बाकीचा महिनाभर ती तार त्याच्या घरी असते. तिथलं तुम्ही बघायचं.”

काय सांगायचं ते त्यांनी शिकवलं. काय सांगायचं नाही ते जास्त बजावून शिकवलं. ‘कापा’ हा शब्द फोनवर कधी उच्चारायचा नाही. घरी कात्रीनं तार कापायला गेलं की तुकडा घशात जातो. टोचणारं टोक पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं हळूच दाबून आत वळवता येतं, तेवढं सांगायचं. नाहीच वळलं तर मेण. मेण संपलं असेल तर ओल्या कापसाचा बोळा. मेणबत्ती नाही. हे शेवटचं सांगावं लागायचं, कारण लोक खरंच मेणबत्ती वितळवायला घ्यायचे.

दातावर जो धातूचा बारीक चौकोन चिकटवतात त्याला ब्रॅकेट म्हणतात. आमचे पेशंट त्याला टिकली म्हणायचे आणि मग आम्हीही टिकलीच म्हणू लागलो. टिकली निघणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. तिचाही एक हंगाम होता. साखर कारखान्यांची धुराडी पेटली, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या की आमच्या फोनला उसंत नसे. शेतकऱ्याच्या घरातलं मूल दाताला तार आहे म्हणून ऊस खायचं थांबेल, ही अपेक्षाच चुकीची होती. पण कबूल कुणीही करायचं नाही.

“काय खाल्लंस?”

“काय न्हाई ओ. पाव.”

“पावानं टिकली पडली?”

“व्हय. कडक हुता.”

मागून आजोबांचा आवाज यायचा, “खोटं बोलतंय बेनं, सकाळधरनं उसाच्या फडातच हाय!”

मॅडम हे ऐकून मान वर न करता म्हणायच्या, “आपल्या जिल्ह्यातला पाव फारच कडक होत चाललाय.”

टिकली पडली तरी ती बहुधा तारेवरच लोंबत असते. ओढायची नाही, तशीच मेणानं दाबून ठेवायची आणि दवाखान्यात यायचं. पूर्ण सुटून हातात आली तर डबीत घालून आणायची. कुणी काडेपेटीतून आणायचं, कुणी कुंकवाच्या करंड्यातून. पोटात गेली तर घाबरून जायचं नाही, पण मला एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असे: खोकला येतोय का, श्वास लागतोय का? तसं असेल तर आमच्याकडे यायचंच नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. एका आईला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, “खोकला कुठला ओ, तिसरी भाकरी चाललीया.” म्हटलं, मग काळजी नको, जाईल आपोआप. पुढच्या आठवड्यात ती बाई टिकली घेऊन आली. स्वच्छ धुतलेली, फडक्यात बांधलेली. “गावली ओ! टाकायची कशाला, म्हटलं, लावा परत.” मॅडम ती पुरचुंडी दोन बोटांत धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी त्या बाईंना बाहेर नेऊन खूप सौम्यपणे काहीतरी सांगितलं. इतकं सौम्य बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही.

तार काढल्यावर दात मागे फिरू नयेत म्हणून दिवसरात्र घालायची एक प्लेट देतात. ती जेवताना काढून ठेवायची असते आणि जिथे काढून ठेवायची तिथेच ती हरवते. हातरुमालात गुंडाळलेली पंगतीच्या पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाते. स्वच्छ व्हावी म्हणून कुणी ती उकळत्या पाण्यात टाकतं आणि ती वाकडी होते. पण भुदरगड भागातल्या एका घरातून आलेला फोन मी विसरणार नाही. मुलानं प्लेट गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली होती आणि ती वैरणीबरोबर म्हशीच्या तोंडात गेली होती.

“ताई, काय हुईल काय ओ?”

“दात लगेच नाही फिरणार. पण दोन-चार दिवसांत या, नवीन करून घेऊ.”

“दाताचं मरू द्या. म्हशीला काय हुईल काय? दुभती हाय!”

मी त्यांना जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. म्हशीला काही झालं नाही. पुढे मॅडम नवीन प्लेट देताना प्रत्येकाला न चुकता विचारायच्या, “घरी जनावरं आहेत का?”

दुपारी दवाखाना जरा वेळ बंद असे. आम्ही डबे उघडायचो. मॅडमना वाचनाची आवड नव्हती, मला दुसरी कसली नव्हती. काउंटरखाली माझं वाचनालयाचं पुस्तक असायचं. जेवताना त्या विचारायच्या, “आज कुठवर आलं?” आणि मी गोष्ट पुढे सांगायची. कादंबऱ्यांच्या कादंबऱ्या त्यांनी अशा भाजी-भाकरीबरोबर ऐकल्या. पात्रांविषयी त्यांची मतं ठाम असत. “त्या बाईला जबडाच नाही,” असं त्या एका नायिकेबद्दल म्हणाल्या होत्या. शेवटची कादंबरी मध्यावर राहिली. मी ती पुढे वाचली नाही.

आता पोतदारांविषयी सांगते.

पोतदारांचं गारगोटीला सोन्या-चांदीचं छोटं दुकान. ते नुसते विकणारे सराफ नव्हते. नथी, बुगड्या, जोंधळी मणी असलं बारीक काम स्वतःच्या हातानं करणारे. त्यांची मुलगी प्राजक्ता शाळेत असताना आमच्याकडे आली. वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंचावर, बाकीच्या दातांच्या रांगेबाहेर आलेले. वर्गात तिला काय म्हणत ते तिनं कधी सांगितलं नाही, पण बोलताना हात तोंडावर असायचा. मॅडमनी जागा करायला दात काढले आणि सुळे खाली आणायला सुरुवात केली.

सहा-सात खेपा झाल्यावर एकदा बापलेक आले. प्राजक्ता खुर्चीत बसली, मॅडमनी आरसा आत घातला आणि थांबल्या.

“हे कुणी केलं?”

“मीच की,” पोतदार दारातून म्हणाले. आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. “टोक टोचत हुतं पोरीला. बघितलं तर तारच दोन ठिकाणी वाकडी झालती. सोडवली, सरळ केली, पॉलिश मारून परत बसवली. टिकलीवरची बारकी रबरं तुटली तिथं चांदीची तार बांधली बघा.”

मॅडमनी मला बोलावलं. मी वाकून पाहिलं. केसासारख्या चांदीच्या तारेनं प्रत्येक टिकली बांधलेली होती, गाठी एकाच बाजूला, एकसारख्या. टोक इतकं गोल घासलेलं की जिभेला कळू नये.

“पोतदार,” मॅडम म्हणाल्या, “ती तार वाकडी झाली नव्हती. मी वाकवली होती.”

“आं? मुद्दाम?”

“मुद्दाम. त्या वाकांनीच सुळे खाली येत होते.”

पोतदारांचा चेहरा पडला. मग ते उसळून म्हणाले, “मग आमास्नी सांगायचं की ओ! वाकडं दिसलं की सरळ करायचं, आमच्या हाताला तीच सवय!”

मॅडम हसल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरे पेशंट थांबवून पोतदारांना आपल्या पकडी दाखवल्या. कुठल्या पकडीनं गोल वाक येतो, कुठलीनं काटकोन. पोतदार पुढच्या खेपेला आपल्या पकडी घेऊन आले. दोघं टेबलावर वाकून बोलत होते आणि बाहेर पेशंट ताटकळत होते. जाताना मॅडमनी बजावलं, “घरी परत हात लावायचा नाही.”

“तुमी हाय तवर न्हाई लावत,” पोतदार म्हणाले. “शबुद दिला.”

मॅडम गेल्यानंतर मी रोज दवाखाना उघडत होते. त्यांच्या भावानं तेवढी मुभा दिली होती. उपचाराचं काहीच होत नव्हतं. मी शहरातल्या तारेच्या डॉक्टरांना एकेक करून फोन करत होते आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्याकडे पेशंटना पाठवत होते. प्रत्येकाला त्याचा एक्स-रे आणि दातांचा प्लॅस्टरचा साचा द्यायचा. उपचाराआधी तोंडाचं माप घेऊन असा पांढरा साचा करून ठेवतात. सगळे डॉक्टर सहज तयार झाले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्यानं मनात काय ठरवलं होतं ते कळायला काही मार्ग नसतो आणि बिघडलं तर नाव आपलं जातं.

अशात पोतदारांचा फोन आला.

“ताई, मॅडम गेल्या म्हणं.”

“हो.”

“लई वाईट झालं.” मग म्हणाले, “आता मी काढून टाकतो ते पोरीच्या तोंडातलं. रविवारी दुकान बंद असतंय, निवांत बसून काढीन.”

“पोतदारशेठ, तसं करू नका.”

“शबुद मॅडमना दिलता. त्या न्हाईत आता.”

“मी डॉक्टर बघून देते.”

“बघून आलोय मी दोन ठिकाणी,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सुळे अर्ध्यावर आले होते. फट अजून मोकळी होती. फोनवरून पेशंटच्या घरचं सांभाळायचं एवढंच माझं काम, पण या वेळी फोनवरून काही होणार नाही असं मला वाटलं. कपाटातून प्राजक्ताचा साचा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि शनिवारी गारगोटीची एसटी धरली. रस्ताभर पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, “देव हाय काय त्यात?” मी म्हटलं, “दात आहेत.” त्या खिडकीकडे सरकल्या.

दुकान रस्त्यावर आणि मागे घर. पोतदार गादीवर बसून काम करत होते. मला पाहून उठले.

“या, या. पावणं म्हणून आलाय तर च्या घ्या. पर ह्या कामात पडू नका, ताई.”

“चहा घेते. आधी ती पक्कड बाजूला ठेवा.”

ते हसले नाहीत. त्यांची बायको चहा घेऊन आली, मागोमाग प्राजक्ता येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आता ती कॉलेजात जात होती.

“सोपं हाय ओ ते,” पोतदार म्हणाले. “खड्याखालची लाख सुटती तशी टिकली सुटंल.”

“लाख सुटते. टिकलीबरोबर दाताचा कपचा निघतो. मॅडम ती काढायला वेगळी पक्कड वापरायच्या आणि मागे राहिलेला गोंद मशीननं घासायच्या.”

“कपचा न निघता काढली तर?”

“तरी सुळे परत वर जातील. मध्ये फट राहील ती राहीलच.”

“मग करू काय मी?” त्यांचा आवाज चढला. “एक म्हणला, सगळं काढून पहिल्यापास्नं करा. दुसरा म्हणला, दुसऱ्याचं अर्धं काम आमी घेत न्हाई. आणि त्येचं बराबर हाय, ताई! मी पण घेत न्हाई. मागं हितला एक कारागीर वारला. त्येच्याकडचा गळ्यातला अर्धा गोफ घिऊन लोक माझ्या दारात आले. आत जोडाला डाग कसला दिलाय, सोनं किती कसाचं, मला काय ठावं? उद्या तुटला तर माझं नाव. मी सरळ वितळवला आणि नव्यानं केला. कुठलाबी इमानदार कारागीर त्येच करंल.”

हे ऐकल्यावर मला त्यांचं कळलं. घाई नव्हती, रागही नव्हता. त्यांच्या धंद्यात दुसऱ्याचं अर्धं काम पुढे नेणारा माणूस भरवशाचा नसतो. जो डॉक्टर हे काम घेईल तो वाईट, आणि जो चांगला असेल तो घेणार नाही, अशी त्यांची गाठ बसली होती.

“दात वितळवता येत नाहीत,” मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांची बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, “मगाधरनं ऐकतीया मी. तोंड पोरीचं, आणि बोलताय तुमी दोघंच. तिला इचारलंय काय कुणी?”

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

“काय गं?” पोतदार म्हणाले.

प्राजक्ता चौकटीपासून हलली नाही. “मला पुरं करायचंय, पप्पा. पहिल्यापास्नं करा म्हणले तरी चालंल.”

“आणि परत कुणी अर्ध्यात सोडलं तर?”

मी टॉवेल सोडून साचा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“हे काय?”

“प्राजक्ता पहिल्यांदा आली तेव्हाचं तिचं तोंड.”

पोतदारांनी साचा उचलला. तो हातात घेतल्यावर त्यांच्या बोटांचं वागणंच बदललं. आधी वजन पाहिलं, मग तो फिरवला, उजेडाकडे धरला, अंगठ्यानं सुळे चाचपले. डोळ्याला भिंग लावलं.

“ये हिकडं. आ कर.”

प्राजक्ता गादीच्या कडेला बसली. एका हातात साचा, दुसऱ्या हातानं मुलीची हनुवटी धरून ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक गिऱ्हाईक पायरीवर आलं, तर त्यांनी न बघताच “थांबा जरा” म्हटलं. गिऱ्हाईक थांबून तेही आत डोकावू लागलं.

“एवढं सरकलंय?” पोतदार म्हणाले. “घरात असून आमास्नी कसं दिसलं न्हाई?”

“रोज बघणाऱ्याला दिसत नाही.”

“दोनी बाजू सारख्या आणल्यात. एकीकडं जोर जास्त पडला असता तर मधली रेघ हलली असती. हलली न्हाई.” त्यांनी भिंग काढलं. डोळे पुसले. भिंगानं पाणी आलं असेल. “हात चांगला हुता बाईंचा.”

मग त्यांनी साचा परत टॉवेलात गुंडाळला आणि विचारलं, “कोण घेतंय हे काम? नाव सांगा.”

नाव होतं डॉक्टर स्नेहल. शाहूपुरीत नवा दवाखाना, मॅडमना कधी भेटलेल्याही नव्हत्या. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे तिथे गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, साचा पाहिला, तोंड पाहिलं. पोतदार हाताची घडी घालून उभे होते.

“बाईंचं काम मोडणार न्हाईसा न्हवं?”

“काही ठिकाणी मोडावं लागेल,” डॉक्टर स्नेहल म्हणाल्या. “त्यांनी पुढे काय योजलं होतं ते मला तोंडावरूनच ओळखायचंय. जे कळणार नाही ते कळलं नाही म्हणून सांगेन. आणि जे मोडेन ते का मोडतेय, तेही सांगेन. वेळ जास्त लागेल.”

मला वाटलं, आता हे मुलीचा हात धरून बाहेर पडणार. पोतदार म्हणाले, “मग घ्या.” बाहेर आल्यावर मला म्हणाले, “सगळं बराबर हाय, मी तसंच पुढं नेतो, असं म्हणाली असती तर न्हाई दिली असती पोरगी.”

वेळ जास्तच लागला. बाकीची तोंडं त्या मानानं लवकर पूर्ण झाली. मलकापूरच्या मुलाची तार निघाली, त्याच्या आईनं फोन करून सांगितलं. आणखी एकेकाची निघत गेली. एका मुलानं उपचार सोडूनच दिले, त्याच्या घरच्यांना मी पुष्कळदा फोन केले. त्याची फट तशीच आहे. हे एक माझ्या मनातून जात नाही.

फोन मात्र मला येतच राहिले. दवाखाना बंद झाल्यावर लोकांनी माझा घरचा नंबर शोधून काढला. प्राजक्ताचाही यायचा. “मावशी, रबर तुटलं.” “मावशी, टिकली हलतीया.” मी म्हणायची, आधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर. ती म्हणायची, केलाय, त्यांनी सांगितलंय, पण तुम्ही पण सांगा. मग मी सांगायची. हात धू, कोरडं कर, मेण लाव.

दर वेळी कुणाची तरी तार निघाल्याचं कळलं की बरं वाटायचं, आणि संध्याकाळी जरा उदास वाटायचं. त्याचं कारण मला उशिरा लक्षात आलं. मॅडमच्या हातचं काम चालू असलेलं एक तोंड त्या दिवशी कमी झालेलं असे.

शेवटी प्राजक्ताच राहिली. तिची तार काढायची त्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. पोतदार आणि त्यांची बायको बाहेर बसले, मी आत. डॉक्टर स्नेहल यांनी पक्कड लावली आणि एकेक टिकली सुटून स्टीलच्या तबकात पडत गेली. तार त्यांनी स्वतःची घातलेली होती, पण टिकल्या बऱ्याचशा मॅडमनीच चिकटवलेल्या होत्या. सगळ्या निघाल्यावर मशीननं गोंद घासला, प्राजक्ताला चूळ भरायला सांगितलं आणि तबक कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. तसाच नियम असतो. आमच्याकडेही तसंच करायचे.

प्राजक्तानं जिभेनं दात चाचपले. “बुळबुळीत लागतायत,” म्हणाली. सगळेच असं म्हणतात. मग ती बाहेर गेली आणि पोतदारांनी भिंग न लावताच तिच्याकडे बघितलं. त्यांची बायको म्हणाली, “आता तरी मोकळं हसशील काय बया?” आणि ती हसली.

मी मुद्दाम राजारामपुरीतल्या जुन्या दवाखान्यावरून चालत घरी आले.

दवाखान्याच्या जागेत आता क्लास चालतो. खुर्ची विकली गेली. माझा फोन हल्ली क्वचित वाजतो. मॅडमनी लावलेलं काहीही आता कुणाच्या तोंडात नाही. त्यांनी जागेवर आणलेले दात आहेत.